सव्वा महिन्याचा डबा

अमरावती-अकोल्याकडच्या घरात बाळंतपणाचा निरोप आला की पहिला प्रश्न ठरलेला असे : "डफरीनात का घरीच?" अकोल्याचं माणूस असलं तर "लेडी हार्डिंगात का घरीच?" दोन व्हाइसरॉयांच्या बायकांची ही नावं. पाट्यांवर जिल्हा स्त्री रुग्णालय लिहून जमाना झाला, पण रिक्षावाल्यापासून आजीपर्यंत ते नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. दुसरा प्रश्न अर्थातच पोरगा का पोरगी. तिसरा मात्र बायकाबायकांत, जरा हळू : "लाडू कोन करून रायलं?"

आम्ही मामे-मावस-चुलत भावंडं साधारण १९५० ते १९६५ च्या दरम्यान जन्मलेली. निम्मी अमरावतीत अंबागेटच्या आत, निम्मी अकोल्याच्या जुन्या शहरात, आणि एक आत्या अंजनगाव सुर्जीला दिलेली. तिन्ही घरं मिळून वर्षाकाठी एखादं तरी बाळंतपण असायचंच. आता कुणाच्या लग्नात एकत्र बसलो की बोलणं फिरून फिरून त्या अंधाऱ्या खोलीवर, त्या बाजेवर आणि लाडवांच्या पितळी डब्यावर येतं. भाऊसुद्धा हिरिरीनं बोलतात, कारण खारका कुटायला तेही असत.

आठवा महिना लागला की इतवाऱ्यातून सामान येई. खारका, खोबऱ्याच्या वाट्या, धावड्याचा डिंक, गोडंबी, खसखस, मेथ्या, सुंठ, हळीव, ओवा, बाळंतशोप. डिंक आणि बिब्याच्या बियांतली गोडंबी मेळघाटच्या जंगलातून खाली येते हे आम्हाला बरंच मोठं झाल्यावर कळलं. खारका उन्हात कडकडीत वाळवून, बिया काढून, खलबत्त्यात कुटायच्या. ते काम पोरांचं. मेथ्यांचं पीठ तुपात कालवून आठ दिवस तसंच ठेवायचं, म्हणजे त्यांचा कडूपणा मोडतो. ते काम काकूचं. डिंक तळण्याचं काम मात्र आजी कुणाला देत नसे. खडे आधी फोडून सारखे करायचे, कढईत तूप, आच मंद, आणि एका वेळी चिमूटभरच डिंक. खडा तुपात पडला की तडतडत फुलून वर यायचा. मोठा खडा वरून फुललेला दिसतो पण आत कच्चा राहतो, मग तो दाताला चिकटतो आणि पोटातही दुखतं. "बाळंतिणीचे दात कच्चे असतात, तिले काय दगड चारता?" असं म्हणत ती प्रत्येक खडा बोटांनी चाचपून बघे. फुललेला डिंक वाटीच्या बुडानं चुरायला आम्हाला मिळे. त्यातला थोडा तोंडात जाई, आणि आमच्याकडे पाठ असली तरी ते तिला बरोबर कळे. शेवटी गूळ नुसता वितळवायचा, त्याचा पाक होऊ द्यायचा नाही, आणि सगळं मिश्रण गरम असतानाच वळायचं. लाडू लिंबाएवढे. डबा भरून फडताळात वरच्या खणात, आमचा हात पुरणार नाही अशा बेतानं.

त्या खोलीचा दिनक्रम आमच्यापैकी कुणालाही आज झोपेतून उठवून विचारा. पहाटे हळिवाची खीर. हळीव रात्री भिजवलेले, सकाळी दुधात शिजवलेले, आणि गूळ मात्र भांडं खाली उतरवल्यावर घातलेला, नाहीतर दूध फाटतं. मग मालीशवाली बाई, कढत पाण्याची आंघोळ, आणि बाजेखाली शेगडी. त्या निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशोप, वेखंड टाकून धुरी. मग लाडू आणि दूध. दुपारी तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकर मुगाच्या पातळ वरणात चुरून, वर तुपाची धार, सोबत शेपू किंवा चवळाईची भाजी, कधी दोडकं, भरपूर लसूण. जेवण झालं की बाळंतिणीची सुपारी. तिच्यात सुपारी औषधालाही नसे. भाजलेले तीळ, जवस, ओवा, बाळंतशोप, किसलेलं खोबरं आणि काळं मीठ. जवस आमच्याकडे बारा महिने घरात, चटणीचा डबा कधी रिकामा नाही. त्यात ओमेगा-३ जातीची चरबी असते हे पुढे मासिकांतून वाचलं. आजीला एवढंच माहीत होतं की त्यानं पोट साफ राहतं. तिसऱ्या प्रहरी सुंठ, गूळ आणि तुपाची गोळी. रात्री पुन्हा मऊ भाकर किंवा भात, आणि दूध.

अंजनगावची आत्या आली की या दिनक्रमात भर पडे. अंजनगाव म्हणजे नागवेलीच्या पानमळ्यांचा आणि पानपिंपळीचा गाव. अकोट-तेल्हाऱ्याकडेही ती होते, पण आत्यापुढे ते बोलायची सोय नव्हती. आत्या शकुंतलेत, म्हणजे छोट्या लाइनीच्या गाडीत बसून मूर्तिजापूरला यायची, तिथून मोठ्या लाइनीची गाडी धरून अकोल्याला. शकुंतला अशी चाले की आत्याच्या सांगण्यानुसार वाटेत उतरून बोरं वेचता येत. तिच्या पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं आणि वाळलेली पिंपळी, पिंपळमूळ असे. पिंपळमूळ कुटून गुळातुपात, आणि जेवणानंतर पानाला चुना-ओवा लावून विडा. चुन्यानं हाडं भरतात असं ती म्हणे. शेजारच्या मुसलमान घरातून सुकामेवा आणि तूप घालून केलेल्या हरीऱ्याचं भांडं यायचं. पलीकडच्या आळीतल्या घरांत पायाचा रस्सा शिजायचा. आमच्या शाकाहारी आजीनं त्याला कधी नाक मुरडलं नाही. बाळंतिणीच्या पोटात जे जाईल ते पवित्र, असा तिचा सोयीस्कर धर्म होता.

या सगळ्यामागचं तिचं शास्त्र गोठ्यातलं होतं. "म्हैस काय हवा खाऊन दूध देते काय वं? तिले सरकी लागते, ढेप लागते. मंग बाईले काहून नाई?" कापसाच्या मुलखात हे वाक्य पटायला वेळ लागत नसे. पण म्हशीचा हिशेब बाईला पुरता लागू नाही. आईचं दूध मुख्यतः बाळ जितकं ओढेल तितकं उतरतं. छाती रिकामी होत गेली की नवं दूध तयार होतं. अमुक लाडवानं ते दुप्पट होतं असं नाही, आणि आई अर्धपोटी असली म्हणून ते लगेच आटतही नाही. आई कमी जेवली तरी बाळासाठी लागेल ते शरीर तिच्या साठ्यातून काढतं. कॅल्शियम हाडांतून, बाकीचं अंगावरच्या मांसातून. बाळ बाळसं धरतं आणि आई वाळत जाते. म्हणजे आजीचे लाडू लेकराच्या नावानं वळले जात, पण त्यांचं खरं काम त्या बाईच्या अंगात होतं. हे त्या घरात कुणी मोठ्यानं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर कदाचित लाडू झालेच नसते.

असं म्हणायला मला आधार आहे. एका काकूचं मूल सातव्या दिवशी गेलं. आठव्या दिवशी डबा फडताळात वर गेला, आणि महिनाभरानं त्यातले लाडू आम्हा पोरांत वाटले गेले. काकू तेव्हा तशीच ओली बाळंतीण होती, अंगावरचं जात होतं, चेहरा पांढराफटक. तिला खायला नको असेल हेही खरं, पण खा म्हणून बसणारंही कुणी नव्हतं. आम्ही ते लाडू आवडीनं खाल्ले.

डबा सगळ्यांसाठी सारखा भरत नसेच. आमची आई पहिल्या खेपेला अकोल्याला माहेरी होती. डबा संपला तसा पुन्हा भरला. तिसऱ्या खेपेला, म्हणजे माझ्या वेळी, ती अमरावतीला सासरी, कापसाच्या वेचणीचा हंगाम, आणि दोन पोरींवर तिसरी पोरगी. लाडू झाले, पण निम्मे, आणि गोडंबी नव्हती. मोठी माय, म्हणजे वडिलांची आई, वाईट बाई नव्हती. तिच्या स्वतःच्या बाळंतपणात तिला जेवढं मिळालं त्यापेक्षा तिनं जास्तच दिलं असणार. सव्वा महिना झाला त्या दिवशी आईची ओटी भरली, आणि दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा सगळ्यांच्या मागून जेवायला लागली. उरेल ते, निवलेलं, पुष्कळदा नुसती भाकर आणि बेसन. मी मात्र दीड वर्षाची होईपर्यंत अंगावर पीत होते. आईनं हे तक्रार म्हणून कधी सांगितलं नाही. "ते चाळीस दिवस कोनी म्हनत नसे, का आधी बाकीच्याईले वाढ," एवढंच ती म्हणे. मला विचाराल तर त्या खुराकात सुंठ-पिंपळीपेक्षा गुणकारी गोष्ट हीच होती. आयुष्यात तेवढेच दिवस बाईच्या पुढ्यात पहिलं, गरम ताट येई आणि ती ते बसून जेवत असे.

शेतावर वेचणीला येणाऱ्या बायांना तेही नव्हतं. त्यांतली एक बारसं होण्याआधीच ओळीत उभी राहिलेली आठवते. धुऱ्यावरच्या निंबाला लुगड्याची झोळी, त्यात लेकरू. मोठ्या मायनं तिला ज्वारी, गुळाची भेली आणि एक जुनं पातळ दिलं, आणि आपण फार केलं असं तिला वाटलं. त्या काळात बऱ्याच घरांत एवढंही करत नसत, हे खरं. पण डिंकाचा लाडू तिच्या हातावर ठेवावा असं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही.

बंदीची यादी खुराकापेक्षा लांब होती. वांगं नको, हरभऱ्याची डाळ नको, बेसन नको, अंबाडी नको, दही-ताक नको, केळं नको, थंड काहीच नको. बेसन आणि अंबाडी बंद केली की वऱ्हाडी बाईच्या ताटात उरतं काय, हा प्रश्न कुणी विचारत नसे. आईनं वांगं खाल्लं म्हणून अंगावरच्या पोराचं पोट फुगतं, याला सर्वसाधारण नियम म्हणून काही आधार नाही. एखाद्या पदार्थानं बाळाला दरवेळी त्रास होतोच असं दिसलं तर तेवढा टाळावा, बाकी घरातलं सगळं खावं. गंमत म्हणजे वांग्याला बंदी घालणाऱ्या म्हाताऱ्या स्वतः दाताला तंबाखू लावत, आणि बाळंतिणीनं लावली तरी तिला कुणी अडवत नसे. तंबाखूतलं निकोटीन खरोखरच दुधात उतरतं. यादीत ते एकच हवं होतं आणि तेच नव्हतं. चिकाचंही तसंच. पहिले दोन-तीन दिवस पिवळसर घट्ट चीक पिळून टाकून द्यायचा आणि पोराला गुळाचं पाणी चाटवायचं. बाळाला रोगांपासून वाचवणारं पहिलं दूध आम्ही मोरीत ओतलं. पुढे दवाखान्यातल्या सिस्टरांनी आमच्या आज्यांशी अक्षरशः भांडून ते थांबवलं. आता जन्मल्यापासून तासाभरात बाळ छातीला लावतात.

आणि पाणी. मामीचं बाळंतपण अकोल्यात, भर मे महिन्यात. अकोल्याचा मे ज्यानं पाहिला नाही त्याला काय सांगायचं? पारा पंचेचाळीसच्या वर, दुपारी रस्त्यावर कुत्रंही नाही. अशात मामी बंद खोलीत, कानाला फडकं बांधून, बाजेखाली शेगडी. आणि प्यायला सुंठ-ओवा घालून उकळलेलं पाणी, तेही फुलपात्राच्या हिशेबानं. पाणी प्यालं तर पोट सुटतं, दूध पातळ होतं, बाळाला सर्दी होते. मामी म्हणायची, "लेकरू लावलं का घसाच सुकते वं." हे अगदी खरं आहे. बाळ ओढायला लागलं की पाज सुटताना आईला तहान लागते, ही शरीराचीच मागणी. खोलीला मागच्या बाजूनं एक खिडकी होती. आजीचा डोळा लागला की आम्ही माठातलं पाणी फुलपात्रात घेऊन त्या खिडकीशी जायचो. एक जण दारावर पहारा, एक जण खिडकीशी, सगळ्यांत लहान आजीशेजारी झोपल्याचं सोंग घेऊन. मामी दोन्ही हातांनी फुलपात्र धरून एका दमात रिकामं करायची आणि गजातून परत देताना म्हणायची, "आनखीन एक आन." तिचं पोट सुटलं नाही. पोरगं धष्टपुष्ट झालं, आज ते स्वतः आजोबा आहे.

या पाण्यावरून घरात पहिला उघड वाद घातला तो नागपूरला एलएडी कॉलेजात होमसायन्स शिकणाऱ्या मावसबहिणीनं. सुट्टीत येऊन ती आजीला सांगायला लागली की दूध म्हणजे बहुतेक पाणीच असतं, आणि ते आईनं प्यालेल्या पाण्यातूनच यायचं. आजीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुह्या पुस्तकात अकोल्याचा उन्हाळा हाय काय?" बहीण म्हणाली, "म्हणूनच तर सांगतो नं!" वऱ्हाडी मुली असंच बोलतात, 'सांगतो', 'जातो'. पुढच्या बाळंतपणात तांब्या बाळंतिणीच्या उशाशी आला. ओवा घालून उकळलेलं का होईना, पण हवं तेवढं. आजीनं हार मानल्याचं कधी कबूल केलं नाही.

१९७२ च्या दुष्काळातही घरात बाळंतपण आलंच. रेशनवर परदेशातली लाल मिलो ज्वारी, तूप बघायला नाही, खारका-गोडंबीचं नाव काढायची सोय नाही. आजीनं होती ती ज्वारी दळून पीठ खरपूस भाजलं, जवस भाजून कुटले, थोडे तीळ, गूळ, आणि पळीभर गोडं तेल कडवून घातलं. लाडू फुटायचे, म्हणून वाटीत भरून द्यायचे. लोह, चरबी, ताकद सगळं त्यात होतं, आणि किंमत डिंकाच्या लाडवाच्या पाव हिश्श्यानंही नाही. मी ते आजही करते आणि माझ्या मते चवीलाही ते उजवे आहेत, यावर बहिणींशी माझा वाद आहे.

आमची स्वतःची बाळंतपणं १९७५ ते १९९० च्या मधली. शेगडी गेली, बंद खिडक्या उघडल्या, बाळंतकाढ्याच्या क्रमांक घातलेल्या बाटल्या दुकानातून यायला लागल्या. लाडू राहिले, पण सव्वा महिन्याची मुदतही राहिली. पुढे आमच्या लेकींच्या वेळी पुण्याला कुरिअरनं डबे गेले, एक न्यू जर्सीलाही गेला. आता भीती उलटी. मुली लाडवाला हात लावत नाहीत, वजन उतरवायचं असतं, आणि सहाव्या आठवड्यात डाएट सुरू होतं. आमच्या आयांना खाऊ दिलं नाही, या स्वतः खात नाहीत. ताट दोघींचंही रिकामंच.

आणि आमच्याच अमरावती जिल्ह्यात, जिथून आमचा डिंक आणि गोडंबी यायची त्या मेळघाटात, कोरकू बायांच्या वाट्याला सव्वा महिनाही नव्हता. १९९३ साली तिथल्या बालमृत्यूंच्या बातम्या राज्यभर गाजल्या तेव्हा आम्ही पेपर वाचून हळहळलो. सरकारनं २०१५ मध्ये आदिवासी भागासाठी अमृत आहार योजना काढली. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण, त्यात भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याचा लाडू, आणि अंडं किंवा केळं. आजीच्या यादीतलं बंदीचं केळं तिथं हक्कानं ताटात आहे. अंगणवाडीत बसून जेवायचं हा भाग मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो. शिधा घरी नेला की तो घरभर वाटला जातो, बाईच्या वाट्याला पुन्हा तळाचंच येतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० साली दिलेले आकडे असे : अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज सहाशे कॅलरी जास्त लागतात, नंतरच्या सहा महिन्यांत पाचशे वीस. प्रथिनं पहिल्या सहा महिन्यांत सतरा ग्रॅम जास्त. कॅल्शियम दिवसाला बाराशे मिलिग्रॅम. सरकारी दवाखान्यातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात त्याही बाळंतपणानंतर सहा महिन्यांसाठी. दोन्ही एकाच वेळी घ्यायच्या नाहीत, आणि लोहाच्या गोळीवर चहा प्यायचा नाही. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, तेव्हा या गोळ्या उशाखाली ठेवून विसरायच्या नाहीत.

सहाशे कॅलरी म्हणजे आपल्या भाषेत साधारण एक ज्वारीची भाकर, वाटीभर घट्ट तुरीचं वरण, एक डिंकाचा लाडू आणि कपभर दूध. रोजच्या पोटभर जेवणाच्या वर एवढं. घरात सून असो, लेक असो की धुण्याभांड्याला येणारी बाई, अंगावर पाजत असेल तर हे तिला आधी आणि गरम वाढा, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवा, आणि सव्वा महिन्यावर थांबू नका.